‘स’ नसलेली गाणी

अब्बांनी चाचांना पहिल्यांदा मारलं तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. दुसऱ्यांदा मारलं ते माझ्यासमोर, ओमानमधल्या सूर गावातल्या आमच्या दुकानात, आणि तेव्हा अब्बांनी ऐंशी ओलांडली होती.

आम्ही रायगडच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान. घरची बोली वेगळी, पण शिकलो मराठी शाळेत, म्हणून लिहितो शाळेच्या मराठीत. अब्बा आधी मालवाहू बोटीवर खलाशी होते. पुढे ओमानला आले आणि सूरच्या खाडीजवळ बोटींच्या सामानाचं दुकान काढलं. दोरखंड, जाळी, नांगर, रंगाचे डबे, इंजिनाचे सुटे भाग. मी मोठा होऊन त्यांच्या हाताखाली आलो आणि तिथेच राहिलो. हाताखाली हा शब्द आमच्या घरात खराच होता. लहानपणी ते ओल्या दोराने मारायचे, कारण ओल्या दोराचा आवाज कमी होतो. लग्नाआधी मारायचे, लग्नानंतर मारायचे. माझी पन्नाशी आली होती तेव्हा एका मासेमाराला मी चुकीच्या मापाची कडी दिली, तर त्यांनी गिऱ्हाइकासमोर माझ्या कानाखाली लावली. तो मासेमार कडी ठेवून निघून गेला आणि पुन्हा कधी आला नाही. अम्मी गेली तेव्हा तिच्या उजव्या हाताचं एक बोट वाकडं होतं. ते कसं वाकडं झालं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

चाचा म्हणजे अब्बांचा धाकटा भाऊ. मुंबईत एकटे राहायचे. लग्न केलं नव्हतं. त्यांची इमारत पाडायला काढली आणि दुसरीकडे सोय होईपर्यंत जायला जागा उरली नाही, तेव्हा मी त्यांना व्हिजिट व्हिसावर सूरला बोलावलं. अब्बांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "येऊ दे. पण माझ्या घरात त्याचं गाणं नको."

दोघे भाऊ पन्नासहून जास्त वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. का, ते मला अर्धवट माहीत होतं. चाचा हॉटेलच्या बँडमध्ये गायचे, त्यांच्या तबकड्या निघाल्या होत्या आणि अब्बांना ते पसंत नव्हतं, एवढंच घरात बोललं जायचं.

चाचा आले ते पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशात घडीचा रुमाल, केस मागे चापून बसवलेले. उंच माणूस. फक्त चेहऱ्याचा खालचा भाग डावीकडे जरा सरकलेला होता, जणू कोणी हाताने ढकलून तसाच ठेवला असावा. वरचे पुढचे दात कवळीचे. बोलताना स आणि श शिट्टीसारखे यायचे.

पहिल्याच आठवड्यात ते आंघोळ करताना गुणगुणले. अब्बा दिवाणखान्यात बसले होते. ते उठले, बाथरूमच्या दारापाशी गेले आणि दाराला लाथा घालू लागले. कडी निखळेपर्यंत घातल्या. मी त्यांना मागून धरलं होतं आणि तरी ते मला हलवून लाथ मारत होते. दार उघडलं. चाचा टॉवेल गुंडाळून उभे, अंगाला साबण. ते शांतपणे म्हणाले, "भाई, बादली भरू दे, मग मार."

अब्बा परत जाऊन खुर्चीत बसले. त्या दिवसापासून जेवताना ते चाचांकडे पाठ करून बसायचे. एकदा चाचांचा हात चुकून त्यांच्या ताटाला लागला, तर त्यांनी ताट भिंतीवर मारलं. माझी बायको उठून भिंतीवरून आमटी पुसू लागली.

दुपारी दुकान बंद असायचं. अब्बा घरी झोपायचे. मी आणि चाचा अर्धं शटर ओढून दुकानातच थांबायचो. तेव्हा चाचांनी मला त्यांच्या गाण्याची गोष्ट सांगितली. एका बैठकीत नाही, तुकड्यातुकड्यांनी, दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून.

गावातून ते पळाले ते मुंबईत एका मोठ्या हॉटेलात लागले, आधी सामान वाहायला. त्या हॉटेलात नाचाचा हॉल होता आणि पंधरा-सोळा जणांचा बँड. सॅक्सोफोनची एक रांग, ट्रंपेटची एक, मागे ट्रॉम्बोन, ड्रम, पियानो. वाजवणारे बहुतेक गोव्याचे. चाचा हॉलच्या दारामागे उभे राहून ऐकायचे आणि इंग्रजी गाणी अर्थ न कळता पाठ करायचे. बँडमास्टरने एकदा तालमीला गाऊन घेतलं आणि ठेवून घेतलं. पुढे चाचांनी स्वतः गाणी लिहायला सुरुवात केली. ठेका फॉक्सट्रॉटचा, शब्द आपल्या मराठीतले. होड्या, भरती, बंदरावरच्या बाया, उधारीवर चहा पिणारे तांडेल. लोक नाचता नाचता हसायचे.

"रेकॉर्डिंगला एकच माईक," ते सांगत होते. "सगळा बँड भोवती. ट्रंपेटवाले भिंतीजवळ, कारण त्यांचा आवाज मोठा. मी माईकला चिकटून. कोणी एक चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. तरी पहिली सहा गाणी आम्ही मस्त काढली. तीन तबकड्या. आमच्या गावच्या बाजारातल्या हॉटेलातसुद्धा लागायच्या."

"मग?"

"मग तुझे अब्बा बोटीवरून उतरले."

दुपारची तालीम चालू होती. नाचाच्या हॉलमध्ये टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवलेल्या. अब्बा खलाशाच्या कपड्यात सरळ आत आले. चाचांना वाटलं, भाऊ भेटायला आलाय. ते हसून पुढे झाले. अब्बांनी पुढच्या रांगेतल्या एका वादकाच्या मांडीवरचा ट्रंपेट उचलला आणि तो चाचांच्या तोंडावर मारला. चाचा पडले. पडल्यावर आणखी मारलं. ड्रमवाला धावून आला तर त्याच्या डोक्यात मारलं. जबडा सरकला, वरचे चार दात गेले.

"आणि गंमत ऐक," चाचा म्हणाले. "मी खाली रक्तात पडलोय आणि सगळे त्या ट्रंपेटकडे बघतायत. पार वाकडा झाला होता. ज्याचा होता तो रडायला लागला. मलाही त्याचंच वाईट वाटत होतं."

ते हसत होते. मला हसू येईना.

जबडा बांधला, कवळी बसवली आणि पुढच्या वर्षी बँडमास्टरने त्यांना पुन्हा रेकॉर्डिंगला नेलं. पण माईकसमोर कवळीतून शिट्टी यायची. स आला की शिट्टी, श आला की शिट्टी. आतून रेकॉर्डिंगवाला ओरडायचा, या गाण्यात साप कुठून आला? तीन वेळा गायले, तिन्ही वेळा फुकट. बँडवाले वैतागून सिगरेट ओढायला बाहेर गेले. चाचा तिथेच जमिनीवर बसले आणि त्यांनी आपल्या गाण्यातले स आणि श असलेले सगळे शब्द काढून टाकले. समुद्र काढला, दर्या घातला. सखी काढली, राणी घातली. सांज काढून दिवे लागायची वेळ असं काहीतरी जमवलं. त्या दिवशी अशी दोन गाणी झाली. त्यांची ती शेवटची तबकडी आणि सगळ्यांत जास्त खपलेली.

"पुढे का नाही काढल्या?"

"हॉटेलांत दारू बंद झाली, नाच कमी झाले. वाजवणारे सिनेमाच्या स्टुडिओत गेले. बँड फुटला. आणि खरं सांगू, किती दिवस अक्षर चुकवत लिहिणार? माझ्या अम्मीचं नाव लिहायचं तर त्यात स होता."

नंतर चाचांनी गोदीत कारकुनी केली, निवृत्त होईपर्यंत.

आमच्या अर्बाबांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे घडलं. अर्बाब म्हणजे दुकान ज्यांच्या नावावर होतं ते ओमानी मालक. साठी ओलांडलेले, सज्जन. त्यांचे वडील गलबताचे नाखवा होते, सूरहून खजूर घेऊन मुंबईला जायचे आणि लाकूड, कापड, कौलं घेऊन परतायचे. अर्बाब लहानपणी मुंबई बघून आले होते आणि त्यांना हिंदी चांगली यायची. संध्याकाळी कधीमधी ते चहाला दुकानात येऊन बसत.

एक दिवस ते आले तेव्हा अब्बा नमाजला गेले होते. चाचा जाळ्याची गुंडाळी करत होते आणि हळू आवाजात आपलंच गाणं म्हणत होते: माझ्या होडीला नाही वल्हं. अर्बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि पुढची ओळ म्हटली. वेडीवाकडी, पण चालीत बरोबर: वारा नेईल तिथे घर.

चाचांच्या हातातलं जाळं सुटलं.

अर्बाबांनी सांगितलं की त्यांच्या वडिलांनी मुंबईहून एक ग्रामोफोन आणला होता आणि थोड्या तबकड्या. त्यातली ही एक घरात रोज लागायची. शब्द कोणालाच कळत नव्हते. "इसमें वल्ला वल्ला बोलता है," ते म्हणाले. "हम बच्चे समझते थे, गानेवाला अल्ला की कसम खाता है."

चाचा हसले, मग त्यांनी रुमाल काढून डोळ्यांना लावला. "वल्हं," ते म्हणाले. "चप्पू. वो मैं हूँ. गानेवाला."

 अर्बाबांनी उठून चाचांच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि मला म्हणाले, शुक्रवारी सगळ्यांनी माझ्या मजलिसला यायचं. तुझ्या वडिलांनीसुद्धा.

अर्बाबांना अब्बा नाही म्हणू शकत नव्हते. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर आम्ही तिघे त्यांच्या घरी गेलो. मजलिस म्हणजे त्यांची बैठकीची खोली, भिंतीला लागून गाद्या, मध्ये कहव्याची, म्हणजे अरबी कॉफीची किटली, खजूर आणि हलव्याचं ताट. चार-पाच म्हातारे नाखवे आधीच बसले होते. तबकडी कधीच फुटली होती, ग्रामोफोनही राहिला नव्हता. अर्बाबांनी चाचांना सांगितलं, तुम्हीच गा.

चाचांनी अब्बांकडे बघितलं. अब्बा खाली मान घालून काठीच्या मुठीवर अंगठा घासत होते. चाचा उभे राहिले. गाताना त्यांनी एक हात असा धरला होता, जणू समोर माईकचा दांडा आहे. आवाज फाटत होता, श्वास पुरत नव्हता. तरी मधल्या कडव्यानंतर त्यांनी तोंडाने ट्रंपेट वाजवून दाखवला आणि ते नाखवे खूश झाले. एकजण हलव्याच्या ताटावर बोटांनी ठेका धरू लागला.

तेव्हा अब्बा उठले. त्यांनी काठी फिरवली आणि किटली, कहव्याचे छोटे कप, खजुरांचं ताट सगळं उडवून दिलं. गरम कहवा एका नाखव्याच्या मांडीवर सांडला. तो ओरडून उठला. अब्बा अर्बाबांच्या घरात, अर्बाबांच्या पाहुण्यांसमोर, भांड्यांवरून चालत बाहेर गेले. अशी गोष्ट सूरमध्ये कोणी करत नाही. मी माफी मागू लागलो, तर अर्बाबांनी हाताने थांबवलं. "शैबा है," ते म्हणाले, म्हणजे म्हातारा माणूस आहे. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा आमच्याआधी दुकानात गेले. मी आणि चाचा मागून पोचलो. शटर वर होतं, अब्बा गल्ल्याच्या मागे उभे. चाचांनी आत पाऊल टाकलं आणि अब्बांची काठी त्यांच्या तोंडावर बसली. पुन्हा तोंडावरच. कवळी उडाली आणि तांब्याच्या खिळ्यांच्या पेटीत जाऊन पडली. दुसरा वार मानेवर. मी मध्ये शिरलो, तर तिसरा माझ्या डाव्या कानावर आला, काठीच्या मुठीकडून. माझ्या डोक्यात एकदम पाणी भरल्यासारखं झालं. मी गुडघ्यावर बसलो. गळ्यावरून काहीतरी कोमट वाहत होतं.

चाचा वाकले. मला वाटलं कवळी उचलतायत. त्यांनी मांडणीवरून सुताराचा हातोडा उचलला. अब्बांचा उजवा हात काठी धरून गल्ल्याच्या लाकडावर टेकला होता. चाचांनी त्या हातावर हातोडा मारला. काठी पडली. अब्बांनी हात ओढून घ्यायला हवा होता. तो त्यांना ओढता आला नाही. चाचांनी पुन्हा हातोडा उचलला, या वेळी थांबून अब्बांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि मग मारला. हाडाचा आवाज मला एका कानाने ऐकू आला.

अब्बा ओरडले नाहीत. ते हळूहळू दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसले आणि हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. बोटं भलत्याच दिशांना होती. चाचांच्या कवळी नसलेल्या तोंडातून रक्त गळत होतं. ते काहीतरी बोलले, मला कळलं नाही. मग त्यांनी रुमालाने तोंड पुसून पुन्हा विचारलं, "दुखतंय का?"

"दुखतंय," अब्बा म्हणाले.

इतक्या वर्षांत अब्बा त्यांच्याशी बोलले तो हा पहिला शब्द.

शेजारच्या दुकानदाराने आम्हाला तिघांनाही गाडीत घालून इस्पितळात नेलं. माझ्या कानाचा पडदा फाटला होता. चाचांच्या ओठाला टाके पडले. अब्बांच्या मनगटाचा आणि बोटांचा चुरा झाला होता. डॉक्टरने पोलिसाला बोलावलं. सूरचाच तरुण पोलीस होता, थोडी हिंदी समजणारा, त्याने अब्बांना विचारलं, हे कसं झालं?

"नांगर पडला हातावर," अब्बा अरबीत म्हणाले.

शेजारच्या खाटेवरून चाचा उठून बसले. टाक्यांमुळे त्यांना नीट बोलता येत नव्हतं, तरी हिंदीत म्हणाले, "झूठ. मैंने मारा. लिखो."

"नांगर पडला," अब्बा पुन्हा म्हणाले.

"मैंने मारा. दो बार. लिखो उसमें."

"याला पोलिसांसमोर तमाशा हवाय," अब्बा मला मराठीत म्हणाले. "गप बसव याला."

पोलीस एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता. दोन ऐंशीच्या आसपासचे भाऊ, एक गुन्हा नाकारतोय, दुसरा मागून घेतोय. शेवटी अर्बाब आले, त्याला बाजूला घेऊन बोलले. तो पोलीस त्यांच्याच नात्यातला निघाला. खलास म्हणून तो निघून गेला. चाचा मात्र पुढे दोन दिवस चिडलेले होते. मला म्हणाले, "माझ्या नावावर आठ गाणी आहेत. हे नववं होतं. तेसुद्धा त्याने लागू दिलं नाही."

अब्बा इस्पितळात असताना मी एकदा त्यांना विचारलं की तेव्हा, त्या हॉटेलात, तुम्ही एवढं का मारलंत. मला वाटलं होतं ते धर्माचं काही सांगतील. 

"मी बोटीच्या तळात कोळसा ओढत होतो," ते म्हणाले. "डोळ्यांत, नाकात कोळसा. बंदरात उतरून चहा प्यायला बसलो, तर याचा आवाज आला. लोक हसत होते, खूश होत होते. घरी गेलो, तर आमची अम्मीसुद्धा, तुझी दादी, त्याचंच सांगत होती. मी काय आणलं ते कोणी उघडून बघितलं नाही."

"त्यासाठी दात पाडले?"

"पाडले," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

चाचांचा व्हिसा संपत आला होता आणि मुंबईत पर्यायी जागाही मिळाली होती. मी त्यांना मस्कतला विमानतळावर सोडायला नेलं. अब्बा खोलीतून बाहेर आले नाहीत. चाचांनी बंद दारासमोर क्षणभर थांबून चपला घातल्या. वाटेत डोंगर बघत ते पूर्ण वेळ गात होते, मोठ्याने, टाके काढलेल्या ओठांनी. मी गाडी चालवत होतो आणि मला फक्त उजव्या बाजूने ऐकू येत होतं.

अब्बांचा हात जुळला, पण मूठ पुन्हा वळली नाही. डाव्या हाताने त्यांना नेम धरता यायचा नाही. चिडले की ते पेला फेकायचे आणि तो कुठेतरी भलतीकडेच जायचा. ते बघून मला सुटल्यासारखं वाटायचं, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. माझ्या बायकोने त्या वर्षी पहिल्यांदा घरात काचेच्या बशा आणल्या.

चाचांचं मात्र मला वेगळंच कळत गेलं. नव्या जागेजवळच्या एका सभागृहात ते रविवारी गायला लागले, म्हाताऱ्या लोकांचा एक गट होता. आणि काही महिन्यांनी फोनवर त्यांनी अभिमानाने सांगितलं की ताल चुकवणाऱ्या कीबोर्डवाल्याच्या त्यांनी थोबाडीत दिली. पुढे रिक्षावाल्याशी मारामारी केली, एकदा सोसायटीच्या वॉचमनला छत्रीने झोडपलं. गटातून त्यांना काढून टाकलं.

"चाचा, हे काय चालवलंय तुम्ही?"

"हलकं वाटतं रे," ते म्हणाले. "मला आधी माहीतच नव्हतं."

मार खाऊनही हसणारा तो माणूस मला आवडत होता. हा दुसरा मला नीट ओळखता येईना. मी फोन कमी केले.

अब्बा गेले तेव्हा मी फोन केला.  चाचांनी विचारलं, "कुठे दफन केलं?"

"इथेच. सूरला."

"मातीला कोण कोण होतं?"

मी सांगितलं. अर्बाब आले होते, हेही सांगितलं. मजलिसच्या त्या दिवसानंतर ते अब्बांशी बोलत नसत, तरी आले आणि त्यांनी खांदा दिला.

"त्याला जन्मात कोणी मारलं नव्हतं," चाचा म्हणाले. "बापानेही नाही. एकदाच, ते मीच. परक्याने मारलं असतं तर त्याला सहन झालं नसतं."

 पलीकडे त्यांनी कोणालातरी, बहुधा शेजाऱ्याला, दार लावून घ्यायला सांगितलं. मग म्हणाले की त्यांना जरा पडायचंय, आणि फोन ठेवला.